बुधवार, शुक्रवार, रविवार

हौसाबाई सव्वीस वर्षं मीरा रोडला, शांती नगरच्या बाजारात मासे विकत होती. मुलगा राघो पहाटे बोट घेऊन उत्तनच्या बंदराला लागायचा. सात वाजता बाकीच्या बायकांसोबत ती टेम्पोत पाटी चढवायची आणि घरी परतेपर्यंत तीन वाजायचे. या दिनक्रमाबद्दल तिची कधी तक्रार नव्हती.

मग बंदरावर एक नवा व्यापारी येऊ लागला. सगळा माल जागेवर उचलायचा, पैसे रोख द्यायचा, पण भाव कमी.

"आये, देऊन टाकू त्याला," राघो म्हणाला. "सातला मोकळी होशील."

"खुळा झालास? अडीच हजारांचा माल एकोणीसशेला? न्हाय."

विषय तिथेच संपला.

नेत्रा तिचं जुनं गिऱ्हाईक. मीरा रोडच्या एका ऑफिसात नोकरी करणारी, चाळिशीची बाई. रविवारी कोलंबी घ्यायची आणि दर वेळी म्हणायची, "सोलून द्या मावशी. वरचे पन्नास घ्या." हौसाबाई पन्नास रुपये घ्यायची खरी, पण मनातून तिला ती उधळपट्टीच वाटायची. त्या रविवारी तिने विचारलंच.

"बाय, सोलायला तुला अर्धा तास लागंल. त्या अर्ध्या तासात करतेस तरी काय?"

नेत्रा हसली. "काही नाही हो. चहा घेऊन बाल्कनीत बसते. आठवड्यात तेवढाच वेळ मिळतो मला. पन्नास रुपयांत स्वस्त पडतो."

परतीच्या बसमध्ये हौसाबाईच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. टेम्पो, बर्फ, बसभाडं वजा केलं तर बाजारात बसून तिला व्यापाऱ्याच्या भावापेक्षा दिवसाला वरचे साडेचारशे मिळत होते. त्यासाठी सात ते तीन, आठ तास. म्हणजे तासाला छप्पन्न रुपये. तिने पुन्हा मोजून पाहिलं, आकडा तोच आला. सव्वीस वर्षांत आपल्या तासाची किंमत काढायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

सोमवारी तिने माल बंदरावरच दिला.

साडेसातला ती घरी. या वेळी घरात असायची सवयच नव्हती. तिने डबे घासले, मग घासलेले डबे पुन्हा लावले. सून स्वाती स्वयंपाक करत होती, तिला दोनदा मीठ किती घालायचं ते सांगितलं. तिसऱ्यांदा स्वाती हळूच म्हणाली, "आई, जानूमामांकडे जाऊन येता का?"

जानू तिचा थोरला भाऊ, दहा वर्षांनी मोठा. दोन गल्ल्या सोडून राहायचा. वर्षभरापासून त्याच्या पायांतलं बळ गेलं होतं. हौसाबाई रोज संध्याकाळी भाकरी घेऊन जायची, तेव्हा तो गुंगीत असायचा. हूं-हूं करून पुन्हा डोळे मिटायचा. म्हातारपण, दुसरं काय, असं ती धरून चालली होती.

सकाळी मात्र जानू उशीला टेकून टक्क जागा होता.

"कोण, हौशी? आज बाजार बंद हाय का?"

"न्हाय दादा. माल बंदरावर दिला."

"बरं केलंस. बस."

आणि तो बोलायला लागला. आई सुकट वाळवताना गायची ती गाणी, वडिलांची पहिली शिडाची होडी, हौसाबाई चार वर्षांची असताना जाळ्यात अडकून रडली होती तो दिवस. यातलं निम्मं तिला माहीतच नव्हतं. साडेअकराला त्याचे डोळे जड झाले. हौसाबाईने त्याच्या अंगावर चादर घातली आणि ती उठली. वर्षभर हा माणूस रोज सकाळी असा जागा होता, आणि ती शांती नगरात तराजू धरून बसली होती.

आठवडाभर तिने माल बंदरावरच दिला. शनिवारी राघो जरा घुटमळत म्हणाला, "आये, जाळं दुरुस्त करायचं हाय. या आठवड्यात पैसे कमी आलेत."

हौसाबाईलाही ते दिसत होतं. शिवाय बाजार तिला आठवत होता, शेजारच्या पाटीवरची भांडणं, गिऱ्हाइकांची घासाघीस. साडेचारशे रुपये काही थोडे नव्हते. तिने रात्रीचं जेवण होईस्तोवर विचार केला.

"बुधवार, शुक्रवार, रविवार मी बाजारात बसन," ती म्हणाली. "त्या दिवशी मासळीला गिऱ्हाईक जास्त. बाकीचे दिवस व्यापाऱ्याला दे."

राघोने मान डोलावली.

पुढच्या मंगळवारी जानू म्हणाला, "हौशी, मला किनाऱ्यावर ने."

"तुला चालवंल?"

"हळूहळू चालवंल. तुला घाई हाय का?"

"न्हाय."

एरवीची दहा मिनिटांची वाट. त्यांना तास लागला. जानू दर वीस पावलांवर थांबायचा, कुणाच्या तरी ओट्यावर टेकायचा, घरातल्यांची चौकशी करायचा. वाळूपाशी पोचल्यावर हौसाबाईने त्याला एका पालथ्या होडीला टेकवून बसवलं. भरती चढत होती. जानूने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बराच वेळ समोर पाहिलं.

"ती तिसरी बोट आपली ना?"

"आपलीच."

"रंग उडालाय. राघोला सांग."

"सांगते," हौसाबाई म्हणाली आणि त्याच्या शेजारी पाय पसरून बसली.