अध्यक्षांचं राहिलेलं कडवं

प्रमिलाबाईंना शिव्या देण्यासाठी बोलावणं यायचं, आणि तेही आचाऱ्याला सांगण्याआधी. ही गोष्ट सुरतेच्या कडेला डिंडोलीत शेतं होती तेव्हाची. प्रमिला आणि तिचा नवरा लोटू अमळनेरकडून सुरतेला आले. लोटू लूमवर लागला, प्रमिला पांडेसऱ्याच्या मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालू लागली. पण खानदेशी घरात लग्न निघालं की पहिली चौकशी व्हायची, "गाया म्हणायला प्रमिलाबाई येणार ना?" गाया म्हणजे शिव्यांची गाणी. विहीण, व्याही, नवरदेवाचा मामा, एकेकाचं नाव घेऊन ती अशी सालं काढायची की मांडव हसून लोळायचा. ज्याचं नाव येई, तो उठून तिच्या पदरात काहीतरी घाली आणि ती मागेल ते कबूल करी. ज्याचं नाव येत नसे, तो जेवायला बसत नसे. एकदा एक मामा रुसून थेट रेल्वे फाटकापर्यंत गेला. त्याला परत आणून आधी शिवी द्यावी लागली, मग पाणी.

शेजारच्या गुजराती बायकाही ओट्यावर येऊन ऐकायच्या. त्यांच्यात याच गाण्यांना फटाणां म्हणतात. शिवाय सुरती माणूस. शिवीशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही. भाषा कळो न कळो, माया कळायची.

या गाण्यांच्या तालमीसाठी लोटूने मिलमधून निघालेले पत्रे जोडून रेल्वे लाइनीलगत एक शेड उभी केली. लोटू गेला, शेड राहिली. लग्नांत डीजे आला तशी गायांची बोलावणी कमी झाली, पण शेड रिकामी पडली नाही. आता तिथे धम्मरत्नची भीमगीतांची पार्टी ढोलकी चढवायची, लखनची पोरं हिंदी-गुजरातीत रॅप करायची, आणि ज्याची पाळी त्याने झाडू मारायचा एवढाच नियम होता.

मग शहराला संगीताचा कळवळा आला. 'स्वतंत्र संगीत विकास समिती' नावाची एक समिती निघाली. अध्यक्ष भूपतभाई, साडी मार्केटातले मोठे व्यापारी. गाण्याशी त्यांचा संबंध एवढाच, की दुकानात सकाळी आरतीची टेप लागायची. समितीने बेंगळुरूहून एक सल्लागार आणला. त्याने शहरभर फिरून शोध लावला, की स्वतंत्र संगीत सगळ्यात जास्त डिंडोलीच्या एका शेडमध्ये आहे. म्हणून समितीने ठरवलं, ती शेड पाडायची आणि तिथे काचेचं संगीत केंद्र बांधायचं. जागा कोणाची हे कोणालाच नीट माहीत नव्हतं, त्यामुळे ती समितीला मिळणं सोपं गेलं.

प्रमिलाबाईंची नात हर्षदा या सगळ्या कलाकारांच्या वतीने समितीपुढे भांडत होती. ती गिटार वाजवायची आणि समितीच्या प्रत्येक बैठकीला जायची.

"काय म्हणाले गं?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"म्हणाले, केंद्रात कॉफी मिळेल."

"आणि गाणं?"

"मोबाइलवर आधी जागा मागायची. मिळाली तर गायचं."

"म्हणजे माझ्याच शेडमध्ये मला अर्ज?"

"मावशी, झाडू मारावा लागणार नाही," धम्मरत्न म्हणाला. "कोपऱ्यात तुमचा फोटो लावतील. हार मात्र आपला आपण आणायचा."

"मेल्या, हार घालायला तरी येशील ना?"

त्याच महिन्यात समितीने वातानुकूलित सभागृहात मोठा मेळावा भरवला. विषय होता 'शहराची संगीत अर्थव्यवस्था'. स्थानिक कलाकारांना व्यासपीठ मिळणार होतं. मानधन नव्हतं, पण ओळख होणार होती. सत्तरी ओलांडल्यावर आणखी कोणाशी ओळख करायची राहिली आहे, असं प्रमिलाबाईंना वाटलं. पण स्टेज म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. हिरवं नऊवारी लुगडं बाहेर निघालं. हर्षदाने समितीतल्या सगळ्यांची नावं आणि खोडी सांगितल्या, आणि बाई आठवडाभर शेडमध्ये कडवी जुळवत बसल्या. मांडवाचा रिवाज त्यांनी मोडला नाही. सगळ्यात मानाचा माणूस सगळ्यात शेवटी.

मेळाव्यात सकाळपासून भाषणं झाली. संगीतावर इतकं बोलणं झालं, की संगीताला तीन-तीन मिनिटं उरली. प्रमिलाबाई उभ्या राहिल्या, डाव्या हाताने कान झाकला आणि अहिराणीत सल्लागारापासून सुरुवात केली.

"सल्लागारनी मिशी, जशी झाडूनी काडी वं,
विमानमा बसीसन उना, घर बायकोले फाटेल साडी वं!"

सभागृहातले गुजराती आधी दचकले. मग एक म्हातारा ओरडला, "अरे, आ तो फटाणां छे!" आणि टाळ्या सुरू झाल्या. सल्लागाराने शेजाऱ्याला अर्थ विचारला, लाजला आणि फोन काढून शूटिंग करू लागला. उपाध्यक्षांना कंजूष म्हटलं, खजिनदारांना बायकोचा नोकर म्हटलं. दोघं उठून हात जोडू लागले. भूपतभाई पहिल्या रांगेत सरसावून बसले. कोटाचं बटण लावलं. बाईंनी दम घेतला, तोंड उघडलं, आणि माइक बंद झाला.

तीन मिनिटं झाली होती. यंत्र नियमाला पक्कं होतं.

जेवणाच्या वेळी भूपतभाई ताट न घेताच निघून गेले. "साहेबांना ॲसिडिटी आहे," खजिनदार म्हणाले. ते खुशीत होते. त्यांनी दोनदा श्रीखंड घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी गाडी शेडपाशी येऊन थांबली. भूपतभाई उतरले. बाई दारात तांदूळ निवडत होत्या.

"बा, मारो शुं गुनो?" त्यांनी विचारलं. "खजिनदारलासुद्धा शिवी दिली. माझी बायको रात्रभर हसते. म्हणते, तुम्हाला कोणी मोजतच नाही."

हर्षदाने सांगायला तोंड उघडलं, "अहो, तुमचं कडवं तर..." प्रमिलाबाईंनी तिच्या दंडाला असा चिमटा घेतला की पुढचे शब्द आतच राहिले.

"भूपतभाई," बाई सूप बाजूला ठेवत म्हणाल्या, "शिवी सोयऱ्याला देतात. जो माझा मांडवच मोडायला निघालाय, तो माझा सोयरा कसा?"

"मांडव?"

बाईंनी वर पत्र्यांकडे बोट दाखवलं.

भूपतभाईंनी शेडकडे पाहिलं, मग स्वतःच्या चकचकीत बुटांकडे. व्यापारी माणूस, भाव कळायला त्यांना वेळ लागला नाही. तिथेच फोन लावला. "सांभळो, नकशो बदलो. केंद्र तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत न्या. ना, ना, शेड रेहवा दो. आज जाहीर करा, माझ्या नावाने!" फोन ठेवून ते म्हणाले, "हवे? आता तरी?"

"बसा," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष उंबऱ्यावर बसले. धम्मरत्नने ढोलकी ओढली. बाईंनी आठवडाभर घोकलेलं कडवं जणू आत्ताच सुचतंय असं डोळे मिटून काढलं.

"भूपतभाईना पोट, पोट नही नगारा वं,
फुकटना जेवणले घरघर मारस चकरा वं!"

भूपतभाई पोट धरून हसले, डोळे पुसले आणि घाईघाईने विचारलं, "बस, एवढंच? खजिनदारचं मोठं होतं."

बाईंनी आणखी दोन ओळी जोडल्या. ड्रायव्हर शूटिंग करत होता. तो सगळा व्हिडिओ दुपारपर्यंत साडी मार्केटभर फिरला.

संध्याकाळी शेडपाशी दुसरी गाडी उभी राहिली, तिच्यामागे तिसरी. दोन व्यापारी, एक बिल्डर. सगळ्यांची तक्रार एकच: आमचं नाव का नाही? हर्षदाने दारात खुर्ची टाकली.

"आजी, आता मानधन सांगू?"

"सांग. आणि त्या बिल्डरला म्हणावं, आधी झाडू मार. आज कोणाची पाळी नाही."