गाठ कुल्ल्यावर, खापर लशीवर

डोळे मिटून विश्वास कुणावर ठेवता हो तुम्ही? दुकानदाराच्या मापाला तुम्ही दहादा हटकता, पण शेजारीण बोलली की दगडावरची रेघ! मी दवाखान्यातला बाळं तोलणारा काटा बोलतोय. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. पुढं बाळांनी मला इतकं न्हाऊ घातलं की विचारू नका.

वजनात माझा शब्द अखेरचा. बाकी कशात कुणी विचारत नाही, तिथंच माझं डोकं फिरतं.

शिवणकाम करणारी एक पहिलटकरीण लेकीला लशीला घेऊन आली. पोरीला सुई दिसू नये म्हणून तिला खांद्यावर पालथी टाकली. सगळ्याच आयांची ही खोड. मग नर्सबाईंच्या हाताला काय येणार? कुल्ला! टोचलं तिथंच. मी करकरलो, पण ऐकतंय कोण?

पुढच्या खेपेला बाई फणफणतच आली. "नुसतं वजन करा. लस नको. एवढी गाठ आली, पोर मांडीवर ठरेना!"

"तरी मी म्हणत होते," सोबत आलेल्या तिच्या सासूबाईंनी तेल ओतलं.

डॉक्टरांनी गाठ चाचपली. "इथं का दिली?"

"खांद्यावर होती. मिळाली त्या जागी दिली," नर्सबाई पुटपुटल्या.

"मिळेल ती जागा धरायला ही बस आहे का?" मग ते आईकडं वळले. "चूक आमची. तान्ह्या बाळाला मांडीत द्यायची, पुढून, बाहेरच्या अंगाला. तिथं स्नायू भरलेला असतो. कुल्ल्यातल्या चरबीत गेलेली लस अंगी लागेलच असं नाही, वर हा त्रास."

"मांडीत दिली की ताप नाही येणार?"

"येईलही. खोटं सांगणार नाही. पण लस नसली तर डांग्या खोकला विचारून येत नाही."

बाईनं माझ्या पारड्याची कड घट्ट धरली. शेवटी तिनं पोरीला मांडीवर उताणं घेतलं.

महिन्यानं आली तेव्हा म्हणाली, मांडी जरा लाल झाली, एक रात्र ताप आला, गाठ नाही. सासूबाई ऐटीत, "या वेळची लस भारीतली होती!"

अहो, लस तीच! बदलली ती जागा! पारडं आपटावंसं वाटलं मला. एका गिऱ्हाइकावरून बाजारभाव ठरत नाही, कबूल. पण डॉक्टरांनी शेकडो मांड्या पाहिल्यात, सासूबाईंनी एकच.

आता मी कोपऱ्यात आहे, माझ्या जागी आकडे चमकवणारा नवा आलाय. जाता जाता एवढंच मागतो. तोलण्याआधी मला शून्यावर आणायचे, तसं मनही आणा. बाळाला काय झालं ते सांगाल, तेव्हा सुई कुठं टोचली तेही सांगा. ज्याचं त्याच्या नावावर मांडा, बाबांनो. हिशेब सच्चा ठेवा.