नवव्या मजल्यावरचं बिऱ्हाड

मित्रांनो, झुला म्हटलं की तुम्हाला बाग आठवेल. मी मात्र रंगाऱ्यांचा जुना झुला आहे. एका सुताराने दोन फळ्या जोडून मला घडवलं, दोन दोर बांधले आणि मी उंच भिंतींवर लोंबकळू लागलो. तिथून खाली पाहून भल्याभल्यांना घेरी येई. मला कधी आली नाही, याचा मला जरा तोराच होता.

माझ्यावर रंगारी बसे. त्याचा मेहुणा गच्चीवरून दोर सांभाळी. रंगाआधी भिंतीतली भोकं सिमेंटने बुजवावी लागत. रंगारी पापभीरू, आधी भोकात डोकावायचा. काडी दिसली तर घरटं, नाहीतर सिमेंट. वीस वर्षांत हा नियम चुकला नव्हता.

त्या दिवशी नवव्या मजल्यावरच्या खोल, अंधाऱ्या भोकात काडी दिसली नाही. त्याने ते बुजवलं आणि आम्ही थोडे खाली सरकलो. इतक्यात एक तांबूस पक्षीण समोर येऊन हवेत चक्क उभी राहिली. पंख थरथरत होते, पण डोकं तसूभरही हलत नव्हतं. मी जन्मभर दोन दोरांवर लटकलो. हिला एकही दोर नव्हता. माझा सगळा तोरा उतरला. मी नुसता बघत राहिलो.

तिच्या पायांत उंदीर होता आणि नजर ओल्या सिमेंटवर.

"दाजी, ही खरुची," मेहुणा कठड्यावरून वाकून म्हणाला. "ससाण्याचीच जात. आमच्या शाळेच्या छपराखाली असायची. ही काड्या आणत नाही, उघड्या मातीवरच अंडी घालते."

"मग तो उंदीर खात का नाही ती?"

रंगाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"वर ओढ मला. लवकर ओढ."

थापी आत लागेल म्हणून तो बोटांनीच सिमेंट खरवडू लागला. खरुची त्याच्या डोक्यावर झेपावत होती, नख्या मारत होती. त्याने मान चुकवली नाही. शेवटचा गोळा निघाला. आत चार पांढरे कापसाचे पुंजके निपचित पडले होते. मग एका पिल्लाने चोच उघडली आणि ते केवढ्याने तरी कर्कश ओरडलं. रंगाऱ्याने लगेच दोर हलवून खूण केली. मेहुण्याने मला खाली सोडलं आणि खरुची उंदीर घेऊन आत शिरली.

आता माझे दोर झिजलेत, मोटरवाले झुले आलेत. पण त्या दिवसानंतर रंगारी प्रत्येक भोकाला आधी कान लावायचा. काम रेंगाळे, तरी मेहुण्याने कधी कुरकुर केली नाही. मित्रांनो, हात चालवण्याआधी तुम्हीही क्षणभर कान द्या. आत जो असतो, त्याला बाहेर येऊन सांगता येत नाही.