गोल करा!

चार वर्षांचं पोर मला बघून खाटेखाली घुसतं, ही गोष्ट मी कुणाला सांगत नव्हतो. आता सांगतो. पोर माझीच नात, क्रांती.

पस्तीस वर्षं नोकरी केली, आधी पलटणीत, मग डीएससीत, म्हणजे लष्करी ठाण्यांच्या पहाऱ्यावर. सुभेदार होऊन गावी आलो. कराडपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव. गावच्या तरण्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला, 'सुभेदार लालासाहेब यांचे हार्दिक स्वागत', त्यावरच्या माझ्या मिशाच नातीच्या उंचीएवढ्या. घरात पाऊल टाकलं आणि तिनं भोंगा पसरला. आठ महिने झाले तरी तेच. मी पुढच्या सोप्यात आलो की ती खाटेखाली. मी ताटावर बसलो की ती ताटावरून उठली. तिचा बाप, माझा मुलगा जयराज, नोकरीला जम्मूला. त्याला फोनवर काय सांगू, तुझी लेक मला बिचकते म्हणून?

पलटणीच्या टीममध्ये मी फुटबॉल खेळलोय. म्हटलं, तिच्या अंगणवाडीत पोरांना शिकवू, त्या निमित्तानं ही जवळ येईल. सेविका शालूबाईंना विचारलं.

"शिकवा की," त्या म्हणाल्या. "पण नाकंबी पुसावी लागतील."

नाकं पुसणं मला कमीपणाचं वाटलं. मी पोरांची रांग लावली. सावधान, विश्राम. चुन्यानं रेघा मारल्या, दोन बांबू रोवले. दुसऱ्याच दिवशी यशराजचा बाप अर्जुना मोटारसायकलवरून येऊन उभा.

"सुभेदार, आमच्या यशराजला स्ट्रायकर करा. पुढच्या साली अकॅडमीत टाकायचाय."

यशराज त्या वेळी एका हातानं चड्डी धरून उभा होता. डावा बूट उजव्या पायात. असल्या बापांना मैदानाभोवती दहा चकरा मारायला लावल्या पाहिजेत, तेही उन्हात. पण खरं सांगायचं तर मी तरी वेगळा कुठं होतो? मला पंधरा दिवसांत टीम हवी होती.

दहाव्या दिवशी तमाशा झाला. चेंडू कसाबसा बांबूंच्या पुढ्यात आला. मध्ये कुणी नाही. मी जीव तोडून ओरडलो, "गोल करा! गोल करा रं!"

तेरा पोरांनी चेंडू तिथंच सोडला, एकमेकांचे हात धरले आणि गोल करून उभी राहिली.

क्रांतीही त्यात होती. आणि तिनं माझ्याकडं बघितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा न भिता बघितलं. 'बघ, केला गोल,' असं तिच्या तोंडावर होतं.

आणि मी काय केलं? "गाढवांनो, गोल!" म्हणून बोंबललो. त्यांनी गोल आणखी मोठा केला. मी शिट्टी फुंकली, कान फुटेस्तोवर. तेरा पोरं एकदम रडली. क्रांतीच्या पायावरून पाणी ओघळलं, खाली माती भिजली.

शालूबाईंनी तिला उचललं. "आवं सुभेदार, त्यांचं काय चुकलं? मी रोज 'गोल करा' म्हणलं की ती हात धरून हुबी ऱ्हात्यात. तुमी हुकूम दिला, त्यांनी पाळला. आन तुमचा त्यो आवाज! उसातनं बिबट्या आल्यागत वाटतंय पोरांना."

पुढचे चार दिवस क्रांती अंगणवाडीत गेली नाही. दाराच्या बाहेर काढलं की अंग ताठ करायची. सून पूजा कराडला नोकरीला, तिनं रजा टाकली. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "आबा, घरात ती तुमाला भ्याली. आता शाळेतबी भ्याली. मग तिनं जायचं कुठं?"



त्याच दिवशी संध्याकाळी मी घरामागच्या परड्यात गेलो. गोठ्यातलं पंधरा दिवसांचं वासरू सुटलं होतं आणि क्रांती त्याला आत नेत होती. दोरी नाही, काठी नाही. ते उजवीकडं वळलं की ती गुडघ्यानं हळूच डावीकडं ढकलायची. पुढं पळू द्यायची नाही, मागं राहू द्यायची नाही. बारीक बारीक पावलं. "चल गं, घरात चल. बिबट्या यील."

चेंडू पायालगत न्यायचं मी दहा दिवस घसा फोडून जे शिकवत होतो, ते ही पोरगी वासराबरोबर करत होती. मला खोकला आला. तिनं मला बघितलं, आधी गोठ्याचं फाटक लावलं आणि मग किंचाळत पळाली.

सकाळी शालूबाईंकडं गेलो. "एक दिवस द्या."

"एकबी पोर रडलं तर चेंडू माझ्या चुलीत."

"घाला. पण क्रांतीला तुमीच घरनं घेऊन या. मी गेलो तर यायची न्हाई."

शिट्टी घरी ठेवली. रेघा पायानं पुसल्या. मी मातीत मांडी घालून बसलो. पोरं लांबच. क्रांती शालूबाईंच्या लुगड्यामागं, एक डोळा बाहेर.

"ह्यो चेंडू न्हाई," मी हळू म्हणालो. "हे वासरू हाय."

"शेपूट कुठाय?" यशराज.

"यायचीय अजून. लहान हाय ते. दोन बांबूंच्या मधी त्याचा गोठा. आन मी बिबट्या."

मग लुगड्यामागून आवाज आला, "बिबट्या वासराला खातो?"

आठ महिन्यांतलं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य.

"खातो. पण वासरू गोठ्यात गेलं की पळून जातो. लय भित्रा असतो त्यो."

मी चारी पायांवर झालो आणि गुरगुरलो. तोच पलटणीतला आवाज. पोरं किंचाळली. म्हटलं, गेला चेंडू चुलीत. पण पोरं हसत होती! यशराज चड्डी धरून हसत होता.

चेंडू घरंगळत क्रांतीच्या पायापाशी गेला. ती लुगड्यामागून निघाली. बारीक बारीक पावलं. "चल गं. चल." मी झेप घेतली. मुद्दाम चुकवली असं कुणी म्हणेल, तर त्यानं माझा फुटलेला गुडघा बघावा. तिनं पायानं चेंडू थांबवला, वळवला आणि माझ्या बगलेखालून नेला. बांबूंच्या आत गेल्यावर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"दार लावलं! बिबट्या बाहेर!"

"पोरांनो," शालूबाई ओरडल्या, "बिबट्याला धरा! गोल करा!"

तेरा पोरांनी हात धरले. मध्ये मी, मातीत पालथा, धापा टाकत. कुणी रडलं नाही. शालूबाईंनी चेंडू उचलून माझ्याकडं टाकला. "उद्या येताना रुमाल आना. नाकं हायत."

दुपारी शालूबाई तिला दारापर्यंत सोडून गेल्या. मी मुद्दामच दहा पावलं मागं. क्रांती आत गेली आणि कडी घातली. मी अंगणात उभा राहिलो. आतून पूजा काहीतरी म्हणायला लागली, तिला क्रांतीनं गप्प केलं. दाराच्या फटीत एक डोळा आला.

"कोन हाय?"

"बिबट्या."

"बिबट्याला आत न्हाई घ्यायचं."

"बरं. मग आबा हाय."

आत बराच विचार झाला. कडी वाजली.

"मग ये. पण गुडघा धू आधी. आई वरडंल."

मी हौदावर गेलो, गुडघा धुतला. लय झोंबला. एवढं बरं मला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.