साठातले दीड इंच

पिवळी टेप, साठ इंची, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या.

बँकेतल्या कॅशियरने रात्रीचं जेवण सोडलं.

मुख्याध्यापिकाबाई लिफ्टकडे पाठ फिरवून जिने चढायला लागल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मंगळवार, अकराची वेळ.

‘फोटोत वस्तू सुस्थितीत दिसत आहे. आपल्या भावना आम्ही समजतो.’

एक कोट. छातीत इंचभर कमी.

हे तुकडे एकाच कापडाचे आहेत. आता टाके घालू.

टेलरमावशी घराच्या पुढच्या खोलीत छत्तीस वर्षं शिवत होत्या. जुनी गिऱ्हाइकं माप द्यायला येतसुद्धा नसत. कापड पाठवायची आणि फोनवर म्हणायची, “वहीतलं माप धरा, मावशी.” वहीत आकडा असे, आकड्यावर कपडा बेतला जाई आणि कपडा अंगावर बसे. छत्तीस वर्षांत एकही कोट उसवायला परत आला नव्हता.

या महिन्यात तीन कपडे परत आले.

“मीच सुटलो असेन हो,” कॅशियर पोट आत ओढत म्हणाला. मुख्याध्यापिकाबाई जाकिटाच्या न लागणाऱ्या बटणाकडे बघत राहिल्या. बसड्रायव्हरला मात्र भीड नव्हती. “मावशी, पँट माझी शिवलीत की माझ्या धाकट्याची?”

त्यावर घरात बैठक बसली. मुलगा म्हणाला, “आई, आता पुरे. या खिडकीशी आरामखुर्ची टाकू.” सूनबाईने डॉक्टरची वेळ घेऊन टाकली. मावशींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि कात्री टेबलावर ठेवली.

“चूक माझ्या हाताची निघाली तर मंगळवारनंतर ही उचलणार नाही. पण आधी निघू दे.”

बुधवारी दुपारी त्यांनी वही काढली. महिन्याभरात अकरा कपडे गेले होते. तीन परत आले, म्हणजे आठ नीट बसले. हे आठ कुणाचे? सगळे नव्या गिऱ्हाइकांचे, समोर उभं करून माप घेतलेल्यांचे. आणि ते तीन? वहीवरून बेतलेले.

मावशी ताठ बसल्या. थकलेला हात काही नवं-जुनं गिऱ्हाईक बघून चुकत नाही.

वहीतले आकडे जुन्या टेपचे होते. ती टेप इतकी झिजली होती, की तिच्यावरचे आकडे मावशींना बोटांनीच कळत. महिन्यापूर्वी सूनबाईने हौसेने ऑनलाइन नवी मागवली आणि जुनी कचऱ्यात गेली. नव्या माणसांना नव्या टेपने मोजलं, नव्या टेपनेच कापलं. टेप खोटी असली तरी खोट्यात खोटं जिरलं. जुन्यांचं माप मात्र एका टेपचं आणि कापणी दुसऱ्या टेपची.

आता पडताळायचं कशाशी? कॅशियरला बोलवावं तर तो खरंच सुटला असला म्हणजे? माणूस सुटतो. टेबल सुटत नाही. कापणीचं टेबल सुताराने पोलादी पट्टीने मोजून बरोबर साठ इंच करून दिलं होतं. मावशींनी नवी टेप एका काठाला लावली आणि ओढत नेली. साठाचा आकडा संपला. टेबल अजून दीड इंच उरलं होतं.

“सूनबाई, मोबाइल आण! त्या विकणाऱ्याला लिही.”

सूनबाईने फोटो पाठवला. सुस्थिती आणि भावना यांचं ते उत्तर तेव्हाच आलं.

“भावना कसल्या समजतो? इंच समज म्हणावं!”

दुसरं उत्तर आलं. ‘आपल्या टेबलाचं माप चुकलेलं असू शकतं.’

मुलगा हसला. “म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं.”

“अंगण वाकडंच आहे,” मावशी म्हणाल्या, “आणि मी ते मोजून दाखवणार आहे.”

सुताराची पोलादी पट्टी आली. तिचा फोटो गेला. ‘पट्टी प्रमाणित असल्याचा पुरावा द्यावा.’ पट्टीवरच्या शिक्क्याचा फोटो गेला. ‘फोटोत तिरपेपणा संभवतो.’ शुक्रवारपर्यंत अशी अकरा उत्तरं झाली. बारावं आलं, ‘सद्भावना म्हणून दुसरी टेप पाठवत आहोत. पहिली परत करण्याची गरज नाही.’

“चला, मिटलं!” मुलगा म्हणाला.

“मिटलं कसं? चूक कुणाची, ते कुठे लिहिलंय?” मावशी जरा थांबल्या. मग स्वतःशीच हसल्या. “पाठवू दे, पाठवू दे. त्यांचाच साक्षीदार त्यांच्याच खर्चाने येतोय.”

सोमवारी दुपारी पाकीट आलं. मावशींनी दोन्ही टेपा शेजारी शेजारी टेबलाच्या काठाला लावल्या. एकीला सूनबाईने धरलं, दुसरीला त्यांनी. जुळ्या बहिणी जणू, तोच पिवळा रंग, त्याच टोप्या. पण एक टेबलाच्या काठाला पोचली आणि दुसरी अलीकडेच दमली.

“फोटो काढ. आणि मी सांगते तस्सं लिही. दोन्ही टेपा तुमच्या. दोन्हींवर साठ छापलंय. एक खोटी आहे. कुठली, ते तुम्हीच सांगा.”

पलीकडे कुणीतरी लिहायला घेतलं. थांबलं. परत घेतलं. मावशींनी तोवर अख्खी बाही टाचली.

‘पहिल्या टेपमध्ये उत्पादनाचा दोष आहे. दिलगीर आहोत. पैसे परत—’

“पैसे मरू दे. ही पहिली ओळ कागदावर काढून आण.”

तो कागद त्यांनी वहीत कॅशियरच्या पानावर चिकटवला आणि त्याला फोन लावला. “आज पोटभर जेवा. उद्या दुपारी कोट घेऊन या. शिवणीच्या आत जादा कापडाची माया सोडलेली आहे, सैल होईल. दोष टेपचा होता, लेखी आहे माझ्याकडे.”

सूनबाई दाराशी घुटमळत होती. “आई, टेप मीच आणली होती.”

“तू आणलीस. तू छापलीस का?” मावशींनी कात्री उचलली. “आणि डॉक्टरला नाही म्हणू नकोस. जाऊ उद्या. छत्तीस वर्षं राबलेत हे डोळे, बघू दे त्यालाही.”

महिन्यापूर्वी जुनी टेप कचऱ्यात टाकण्याआधी सूनबाईने ती नव्या टेपशेजारी धरून पाहिली होती. जुनी दीड इंच लांब भरली. इतक्या वर्षांत ताणली असेल, असं तिला वाटलं.