दोघांनी बघायचा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, परदेशातल्या क्लेटन उपनगरातल्या एका प्रयोगशाळेतला मी म्हातारा सूक्ष्मदर्शक. माझ्यात डोळे लावायच्या जागा दोन. शिकवणारा आणि शिकणारा समोरासमोर बसून एकच पेशी बघत आणि "अगं, ती बघ, ती!" म्हणून ओरडत. काय कौतुक व्हायचं माझं! मग पडद्यावर चित्र दाखवणारी यंत्रं आली. जो तो आपापल्या टेबलाशी एकटा बसू लागला आणि मी खिडकीशी धूळ खात पडलो. फार एकटं वाटायचं हो.

एका शनिवारी रुग्णांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पॉइंट कुकहून फ्लाविया आंटी आल्या, मूळच्या वसईच्या. स्तनातली कॅन्सरची गाठ काढून झाली होती, पण आता हाडात डाग दिसला होता. डॉक्टरांना सुईने त्यातला तुकडा काढून तपासायचा होता आणि आंटी काही केल्या तयार नव्हत्या. इथली संशोधक मयूरा मराठी बोलते हे कळलं मात्र, त्यांना रडूच फुटलं.

"नणंद म्हणते, पहिल्यांदा गाठीत सुई टोचली म्हणूनच कॅन्सर पसरला. मानवेलनेच हट्ट केला होता त्या टेस्टचा. नवरा आहे माझा, पण धड बोलत नाही गं मी त्याच्याशी. बसलाय खाली गाडीत."

मयूराने मला पुसलं, दोन काचपट्ट्या आणल्या. "आंटी, तुम्ही तिकडून बघा, मी इकडून बघते."

पहिल्या पट्टीवर कॅन्सरच्या पेशी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. दुसरीवर त्याच जातीच्या पेशी, पण लांबट, सुट्या सुट्या.

"सुईने नाही पसरला, आंटी. ह्या स्वतःच रूप बदलतात. शेजारणींना सोडून रक्तात शिरतात, हाडात पोचल्या की पुन्हा ठाण मांडतात. कधी स्वभावही बदलतो, मग जुनं औषध लागू पडत नाही. ते कळायलाच सुई हवी."

"म्हणजे मानवेलचं चुकलं नव्हतं?"

"मुळीच नाही! त्यांच्यामुळे तर वेळेत कळलं."

आंटींनी माझ्यावरून डोळे हटवले नाहीत. माझी काच ओली झाली. मग त्यांनी फोन लावला. "मानवेल, किती वेळ गाडीत बसशील? वर ये. आणि त्या सुईची अपॉइंटमेंट घे."

पलीकडून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग तो एवढंच म्हणाला, "आलो."

मित्रांनो, आंटी बऱ्या होतील का, मला ठाऊक नाही. पण कुणाच्या दुखण्याला कोण कारण, हे उगाच सांगत सुटू नका. आजारी माणूस आधीच एकटं असतं. त्याचं एकमेव जवळचं माणूस तरी त्याच्यापाशी राहू द्या.