काच आहे, सरका

"गाडीचा नंबर?" हॉस्पिटलात डिस्चार्जचे कागद तयार करणाऱ्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"गाडी नाही," काचवाला म्हणाला.

"स्वतःची नसेल तर भाड्याची सांगा. बाळंतीण आणि बाळ गाडीतूनच गेलं पाहिजे, नाहीतर दारावरचा पहारेकरी सोडत नाही."

"येतेय गाडी. बहिणीचे यजमान घेऊन येतायत."

हे 'येतेय' तो सकाळी अकरापासून म्हणत होता आणि आता साडेचार वाजले होते. दर वेळी त्याचा आवाज थोडा आणखी खाली यायचा. कारण खरं काय ते त्याला दीड वाजताच कळलं होतं. नदीवरच्या पुलावर तेलाचा टँकर आडवा झाला होता. उद्या सकाळपर्यंत एकही मोटार पलीकडे जाणार नव्हती. कडेची एक अरुंद पट्टी तेवढी पायी जाणाऱ्यांसाठी मोकळी ठेवली होती.

"अरे, मी पलीकडच्या टोकाला येऊन उभा आहे," दाजी फोनवर रडवेले झाले होते. "तुझं हॉस्पिटल मला इथून दिसतंय. पण दिसून करू काय? गाडी काय काखोटीला मारून आणू?"

मग काचवाल्यानं रस्त्यावर जाऊन सहा टॅक्सीवाले गाठले. पाचांनी पुलाचं नाव ऐकताच काच वर केली. सहावा भला होता. तो म्हणाला, "भाऊ, नेलं असतं. पण चौकापासून पुढं गाडीला गाडी चिकटलीय. बाळ माझ्या गाडीतच रात्र काढेल, तुम्हाला चालेल?"

हॉस्पिटलात राहावं तर खाट दुपारीच दुसरीला दिलेली. बायको बाहेरच्या लोखंडी बाकावर भिंतीला टेकून बसली होती. टाके ओले, तोंड पांढरं फटक. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली नऊ दिवसांची लेक. वेळेच्या तीन आठवडे आधी आलेली, दोन किलोलाही थोडी कमीच. नर्सबाईंनी जाता जाता घडाघडा सांगून टाकलं होतं, "गारवा लागू द्यायचा नाही. दोन तासांनी उठवून पाजायचं. उठत नसेल तर तळव्यावर टिचकी मारायची, रडली पाहिजे. नाही रडली तर थांबायचं नाही, उचलून इकडे आणायची." दोघांनीही मुंड्या हलवल्या होत्या. त्या घाईत कोण काय समजून घेतं? त्याच्या डोक्यात तीनच शब्द घट्ट बसले, नाही रडली तर.

"अहो," बायको म्हणाली, "मामाला फोन करा."

मामा म्हणजे तिचा सख्खा मामा, आणि काचवाल्याचा गुरू. त्यानंच त्याला काच कापायला, उचलायला, बसवायला शिकवलं आणि मग हात चांगला आहे असं म्हणून भाचीही देऊन टाकली. त्या दिवशी तो नदीच्या याच बाजूला एका शाळेच्या खिडक्यांना तावदानं बसवायला आला होता. वीस मिनिटांत तो हॉस्पिटलच्या फाटकाशी हजर झाला, तोही हातगाडीसकट. काचा वाहायची ती गाडी. मधोमध दोन बाजूंना उतरती लाकडी चौकट, तिला काच घासू नये म्हणून जाड लोकरी नमदा चिकटवलेला, खाली रबरी चाकं. काचा चौकटीला टेकवून उभ्या न्यायच्या. आज चौकट रिकामी होती.

पहारेकऱ्यानं हात आडवा घातला. "हे काय?"

"गाडी," मामा म्हणाला.

"ही?"

"चाकं मोजा. चार भरली ना? तुमच्या मोठ्या डॉक्टरांच्या गाडीला काय पाचवं आहे?"

पहारेकऱ्यानं बाकावरच्या बाईकडे पाहिलं, टॉवेलाकडे पाहिलं. मग कागद घेतला आणि "नंबर?" म्हणाला. फळीवर दुकानाचा फोन नंबर रंगवलेला होता. त्यानं तोच रकान्यात उतरवून घेतला आणि फाटक उघडलं. देव कुणाच्या हातून काय करून घेईल, नेम नाही.

बायको फळीवर आडवी बसली, पाठ नमद्याला. मामानं तिच्या भोवती गोणपाट खोचलं. चौकापर्यंतचा रस्ता खणलेला होता. पहिल्याच खड्ड्यात ती कळवळली आणि तोल सावरायला तिला दोन्ही हातांनी चौकट धरावी लागली.

"पोरीला माझ्याकडे दे," काचवाला म्हणाला. "तू घट्ट धरून बस."

आणि त्यानं लेक घेतली ती अशी की बघणाऱ्यानं थक्क व्हावं. पाठ ताठ, कोपरं अंगापासून दूर, हात पुढं, नजर दोन पावलं पुढच्या जमिनीवर. टाच आधी, मग चवडा. अकरा वर्षं तो असाच चालत आला होता आणि अकरा वर्षांत त्याच्या हातून एक तावदान फुटलं नव्हतं. काच छातीशी धरायची नाही, हा मामाचा पहिला धडा. काच फुटली तर फुटू दे, पण हातभर लांब फुटू दे. धडा शिकवताना मामानं सदरा वर केला होता आणि गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत गेलेला पांढरा व्रण दाखवला होता. तो व्रण पाहिलेला माणूस पुन्हा काही छातीशी धरेल का? त्याला वाटत होतं, जगात या पोरीला याहून सांभाळून कुणी नेऊ शकणार नाही. आणि नदीवरचा वारा टॉवेलाच्या चारी बाजूंनी आरपार जात होता.

पुलाच्या तोंडाशी पोचले तर माणसांचा नुसता चिखल. कचेऱ्या नुकत्याच सुटलेल्या, सगळं गाव त्या एका पट्टीतून घरी निघालेलं.

"बाळ आहे हो, नऊ दिवसांचं बाळ आहे. जरा वाट द्या," काचवाला म्हणाला.

"आमचीपण वाटच बघतायत घरी," एक बाई मागं न बघता म्हणाली.

"घाई सगळ्यांनाच आहे, साहेब," फायली बगलेत धरलेला एक कारकून म्हणाला. "विमानानं जायचं होतं."

पाच मिनिटांत दहा पावलं. मग तीही बंद. त्यानं पुन्हा "बाळ आहे हो" म्हटलं, पण ते आता त्याचं त्यालाच ऐकू आलं.

तेवढ्यात मागून मामानं धंद्यातला आवाज काढला. बाजारात, गल्लीबोळात चाळीस वर्षं घासून धार आलेला आवाज.

"काच! काच आहे, सरका! लागली तर पाय जाईल!"

आणि गर्दी दुभंगली. माणूस मोठा गमतीचा प्राणी. दुसऱ्याचा जीव अडलाय म्हटलं तर त्याचा पाय हलत नाही, पण पाय कापेल म्हटलं की दोन्ही एकदम हलतात. काच कुठे, किती, कुणी विचारलं नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत कठड्याला चिकटले.

"काच! काच आली!"

तेलाच्या जागी वाळू टाकली होती, तिच्यावरून चाकं करकरत गेली. टँकर मागं पडला. पुलाच्या मध्यावर येईपर्यंत कुणी अडवलं नाही. तिथं बायको म्हणाली, "अहो, थांबा. दोन तास होऊन गेले. उठवा तिला."

त्यानं टॉवेलाचं टोक सोडलं आणि तळव्यावर टिचकी मारली.

काही नाही.

"जोरात मारा."

मारली. तळवा हिवाळ्यातल्या पहाटेच्या तावदानासारखा गार लागला. ओठांचा रंग त्याला कळेना, की कळत होता पण त्याला नाव द्यायचं नव्हतं. त्यानं तिसरी टिचकी मारली.

नाही रडली तर उचलून इकडे आणायची. तो वळला. मागं गर्दी पाण्यासारखी मिटली होती. माणसांच्या डोक्यांपलीकडे हॉस्पिटलच्या खिडक्या दिसत होत्या. त्यातल्या काही त्यानं स्वतः बसवल्या होत्या. पुढचं टोक तेवढंच लांब होतं. दिवस कलला होता. कुणीकडे जायचं?

"द्या इकडे," बायको म्हणाली. तिनं लेकीला पदराखाली घेतलं, पण तिचे दात वाजत होते, हात निळसर पडले होते. क्षणभरानं तिनंच पोरीला बाहेर काढलं. तिचा चेहरा पाहवत नव्हता.

"माझंच अंग बर्फ झालंय हो. माझ्यात ऊब असती तर दिली नसती का? तुम्ही घ्या. चालून घाम आलाय तुम्हाला. शर्टाच्या आत घ्या."

तो तसाच उभा. हात पुढं पसरलेले, त्यांच्यावर लेक, आणि कोपरं काही वाकेनात.

"छातीशी?"

"मग कुठं?"

"दाबली जाईल गं. फु…" शब्द त्यानं गिळला, पण मामानं ऐकला होता.

मामानं गाडी सोडली आणि पुढं आला. त्याचा असा चेहरा काचवाल्यानं कधी पाहिला नव्हता, सबंध आरसा फुटला त्या दिवशीसुद्धा नाही.

"अरे गाढवा, ती काच नाही!" मामा ओरडला. "मी काच म्हणालो होतो, काच! पोर म्हणालो होतो का?" आणि तसाच गर्रकन गर्दीकडे वळून, "काच आहे! मागं व्हा! अंगावर येईल!"

मामानंच त्याची बटणं ओढली. दोन तुटून पुलावर पडली. टॉवेल बाजूला झाला आणि दोन किलोची गार, उघडी लेक छातीला लागली तेव्हा त्याचा श्वास अडकला. मामानं काचा उचलायचा पट्टा खांद्यावरून काढून दोघांभोवती आवळला, वरून गोणपाट घातलं. "आता चाल. टाच-चवडा विसर. माणसासारखा चाल."

तो चालला. देवाकडे त्यानं आजवर जे मागितलं ते हात जोडून मागितलं होतं. आज हात मोकळे नव्हते. तो नुसता म्हणत राहिला, देवा, मला माहीत नव्हतं रे, मी सांभाळूनच धरलं होतं. हेच, पुन्हा पुन्हा. पुलावरच्या दिव्यांचे खांब एकेक करत मागं जात होते. छातीवरचा गारठा तसाच. दुसरा खांब. तिसरा. मागून बायको विचारत होती, "हलतेय का? अहो, हलतेय का?" आणि तो उत्तर देत नव्हता, कारण खोटं बोलायला त्याच्याकडे श्वास नव्हता आणि खरं बोलायला धीर. पाचवा खांब.

सहाव्या खांबाशी त्याला काहीतरी टोचलं. शर्टाचा धागा असेल असं त्याला वाटलं. मग पुन्हा टोचलं. नख होतं ते, तिळाएवढं. मग ओलसर काहीतरी छातीवर इकडून तिकडे फिरू लागलं, शोधू लागलं, आणि जे हवं ते बापापाशी नाही हे कळताच पोरीनं अशी काही किंकाळी फोडली की शेजारचा माणूस कठड्यापासून उडाला.

मामानं गाडी सोडून धावत येऊन काचवाल्याला काखेत धरलं. मागं बायको रडत होती आणि "रडू दे, रडू दे तिला," असं म्हणत होती.

उडालेला माणूस तो मघाचाच कारकून होता. फायली छातीशी धरून तो बघत राहिला.

"काच म्हणत होतात ना तुम्ही?"

"तडा जाता जाता वाचली," मामा म्हणाला. त्याचाही आवाज आता बसला होता, अक्षर धड उमटत नव्हतं.

कारकुनानं गोणपाटाकडे पाहिलं, गाडीवरच्या बाईकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं फायली बगलेत मारल्या, पुढं वळला आणि घोगऱ्या, सवय नसलेल्या गळ्यानं ओरडला, "काच! ए पुढचे, सरका! काच आहे!"

पुढच्या बाईनं ते उचललं. तिच्या पुढच्यानं उचललं. काच आहे, काच येतेय, सरका, असं एकापासून दुसऱ्याकडे, पलीकडच्या टोकापर्यंत गेलं आणि त्याच्या मागून वाट होत गेली.

टोकाला दाजी होते. गाडी सुरू ठेवून, आत उबारा करून, दार उघडं धरून ते दुपारपासून तसेच उभे होते. बायकोला मागच्या सीटवर बसवलं. तिनं गरम हवेत हात शेकले आणि मग पुढं केले. "द्या आता. भुकेली आहे."

पट्टा सुटेना. त्याची बोटं बधिर झाली होती, आणि खरं सांगायचं तर सोडवण्याची त्यांना घाईही नव्हती. शेवटी बायकोनंच गाठ सोडवली. लेक आईला लागली, दोनदा हुकली, तिसऱ्यांदा तिनं धरलं, आणि गाडीतला आवाज बंद झाला. दाजी विंडस्क्रीन पुसण्याचं निमित्त करून बाहेरच थांबले.

"मामा, बसा ना तुम्हीपण," ते म्हणाले.

"आणि माझी गाडी काय काखोटीला मारू? व्हा पुढं तुम्ही. जावईबापू, पोहोचलात की पुन्हा टिचकी मारून बघा."

गाडी हलली. काचवाला पुढच्या सीटवर उघड्या छातीनं बसला होता, एक हात अजून तिथंच, जिथं लेक होती. काच वर करायची त्याला शुद्ध नव्हती, म्हणून मागचं ऐकू येत होतं. गर्दीतून रिकामी हातगाडी ढकलत मामा येत होता, आणि बसलेल्या आवाजात, कुणी अडवत नसताना, देवाचं नाव घ्यावं तसा म्हणत होता, "काच आहे… काच आहे, सरका…"